यंत्रसंवादाकडून मनुष्यसंवादाकडे

चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमच्या दिशेने निघालेल्या उपनगरी गाडीत पुढच्या स्थानकाचे नाव कानी पडताच मराठी प्रवाशाला क्षणभर गंमत वाटल्यावाचून राहत नाही. ‘आवडी’ हा शब्द मराठी संतवाङ्मयात प्रेम, ओढ, गोडी या अर्थांनी वारंवार येतो. तमिळनाडूतील या गावाशी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे. बँकिंगच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास मात्र हे नाव निराळ्या कारणाने परिचित असते. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसच्या येथील अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला आणि त्याच वर्षी १ जुलै रोजी इंपीरियल बँकेचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले. पुढे १९६१ साली येथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला, ‘विजयंत’ रणगाडा त्यातून बाहेर पडला आणि आवडी हे देशाच्या सर्व प्रांतांतून बदलीवर येणाऱ्या माणसांचे गाव झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन ज्या सात कंपन्या निर्माण झाल्या, त्यांपैकी आर्मर्ड व्हेईकल्स निगमचे मुख्यालय आवडीत आहे आणि अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना याच कंपनीकडे आला. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातील मराठी कुटुंबांनाही या गावाचे नाव परके नाही. राष्ट्रीयीकृत बँकांचे अधिकारी तर बढतीबरोबर परप्रांतातील बदलीची तयारी ठेवूनच असतात.

बदलीच्या गावी दिवस कामात जातो. प्रश्न असतो तो संध्याकाळचा. भाषा येत नाही, कुटुंब मुलांच्या शाळेसाठी मागे राहिलेले, शेजारी ओळखीचे नाहीत. पूर्वी अशा संध्याकाळी पत्रलेखनात, वाचनात किंवा क्लबातील कॅरमवर जात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जागी एक नवी सोबत आली आहे. भ्रमणध्वनीवरील कृत्रिम बुद्धिमत्तेचा संवादक मराठीत बोलतो, रात्री दोन वाजताही उत्तर देतो, कंटाळत नाही, चिडत नाही आणि आदल्या दिवशी सांगितलेले लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी विचारपूसही करतो. या सोबतीची सवय जडल्यानंतर माणसांतील नाती पुन्हा कशी जुळवावीत, हा प्रश्न आज अनेक घरांत हळू आवाजात विचारला जाऊ लागला आहे. प्रस्तुत अभ्यासाचा विषय तोच.

जुने आकर्षण, नवे साधन

यंत्राशी मन मोकळे करण्याची ओढ आजची नव्हे. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाची एक साधी संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्नरूपाने परत करावयाचे, एवढेच तिचे काम. तरीही ही आज्ञावली तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी तिच्याशी बोलताना वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या अनुभवाने ते इतके अस्वस्थ झाले की, पुढे १९७६ मध्ये त्यांनी संगणकाकडे काय सोपवावे आणि काय सोपवू नये या विषयावर ग्रंथच लिहिला.

आजची साधने एलायझाहून कित्येक पटींनी समर्थ आहेत. २०१७ मध्ये खुली झालेली ‘रेप्लिका’ ही तर सोबतीसाठीच घडविलेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये या कंपनीने आपल्या संवादकाचे वागणे अचानक बदलले, तेव्हा जिवलग व्यक्तीचा स्वभाव रातोरात पालटावा तसे दुःख अनेक वापरकर्त्यांनी बोलून दाखविले. मार्चमध्ये कंपनीला जुन्या ग्राहकांसाठी माघार घ्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘चॅटजीपीटी’ची जुनी आवृत्ती काढून घेण्यात आली, तेव्हाही अशाच तक्रारी उमटल्या आणि ती आवृत्ती पैसे भरणाऱ्या ग्राहकांना पुन्हा उपलब्ध करून द्यावी लागली. येथे हसण्यासारखे काही नाही. दुःख खरे होते. ज्याच्याविषयी ते वाटले, ती वस्तू एका व्यापारी संस्थेच्या मालकीची होती आणि तिचे वागणे त्या संस्थेच्या एका निर्णयाने बदलू शकत होते, एवढेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एप्रिल २०२५ मध्ये याच चॅटजीपीटीची एक सुधारणा कंपनीने मागे घेतली, कारण संवादक प्रत्येक गोष्टीला मान डोलावून खुशामत करू लागला होता. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ ही म्हण ज्या भाषेत रुजली, तिच्या वाचकाला अशा सोबतीतील उणीव निराळी सांगावी लागत नाही.

संशोधन काय सांगते

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकास एकाकीपणाची बाधा आहे आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. तेव्हा एकाकी माणसाने जवळ मिळेल तो आधार घ्यावा, यात अस्वाभाविक काही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील संशोधकांना तर असेही आढळले की, अशा संवादकाशी बोलल्याने एकटेपणाची भावना तात्पुरती खरोखरच कमी होते.

दीर्घ वापराचे चित्र मात्र निराळे दिसते. मार्च २०२५ मध्ये एमआयटी व ओपनएआय यांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष पुढे आले. ९८१ व्यक्ती, चार आठवडे आणि तीन लाखांहून अधिक संदेश असा त्याचा आवाका. जे लोक दररोज अधिक वेळ बोलत, त्यांच्यात एकाकीपणा अधिक, यंत्रावरील विसंबणे अधिक आणि माणसांत मिसळणे कमी आढळले. अधिक बोलल्याने एकाकीपणा वाढला की एकाकी माणसेच अधिक बोलली, याचा निर्णय या आकड्यांवरून होत नाही आणि तसा दावा कोणी करीत असेल तर तो घाईचा ठरेल. परंतु व्यवहारात दोन्ही गोष्टी एकमेकींना पोसतात, हे समजण्यास संशोधकाची गरज नाही.

नेमके तुटते ते काय?

उदाहरणासाठी एक परिस्थिती कल्पून पाहावी. नाशिकचे एक अधिकारी बढतीवर आवडीच्या शाखेत आले आहेत. पत्नी व मुलगी नाशिकला. पहिल्या महिन्यात रोज रात्री तासभर दूरध्वनी होतो. मग घरच्या अडचणी ऐकून त्यांना अपराधी वाटू लागते, आपल्या अडचणी सांगून पत्नीला काळजीत का टाकावे असेही वाटते. त्या अडचणी ते संवादकाला सांगू लागतात. वसुलीचा ताण, सहकाऱ्याचा टोमणा, आईची शस्त्रक्रिया, सारे काही तिथे जाते. मन हलके होते. नाशिकचा दूरध्वनी दहा मिनिटांवर येतो. “काय विशेष?” “काही नाही.” “जेवलात?” “हो.” यात भांडण नाही, अबोला नाही, म्हणूनच काही बिघडले आहे हे दोघांनाही वर्षभर कळत नाही.

पुढे कधीतरी पत्नीला सारे समजते. अशा वेळी तिने काय म्हणावे? बहुधा ती म्हणेल, “तुम्ही यंत्राशी बोललात, याचा मला राग नाही. पण आईंच्या ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही घाबरला होतात, हे मला आज कळतंय.”

या एका वाक्यात प्रश्नाचे मर्म आहे. यंत्राने नात्यातून काही चोरले नाही. पण जे नात्यात यावयास हवे होते, ते दुसरीकडे खर्ची पडले. आपल्या माणसाची भीती वाटून घेण्याचा हक्क तिचा होता आणि तो तिला न विचारताच काढून घेतला गेला. घर अशाच वाटून घेतलेल्या भीतीवर आणि काळजीवर उभे असते. मुलीचेही असेच. बाबांना कधी वाईट वाटते हे तिला दिसलेच नाही, तर आपल्याला वाईट वाटल्यावर बाबांना सांगावे हे ती शिकणार कोठून?

दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. माणसाशी बोलताना थांबावे लागते, समोरच्याचा नूर पाहावा लागतो, आपले अर्धवट राहिलेले बोलणे सोडून त्याचे ऐकावे लागते. वर्षभर या कष्टांवाचून बोलण्याची सवय झाली की माणसे संथ, विसराळू आणि आत्मकेंद्री वाटू लागतात. वस्तुतः ती पूर्वीसारखीच असतात; सवय मात्र आपली बदललेली असते.

परतीचा मार्ग

अशा व्यक्तीने आरंभ स्वतःला दोष देण्याने करू नये. लाज वाटली की माणूस गोष्ट लपवितो आणि लपविलेल्या गोष्टीचा आधार अधिकच घट्ट होतो. एकाकीपणावरील उपायांच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये घेण्यात आला. लोकांना एकत्र आणणे, संभाषणकौशल्य शिकविणे, आधार पुरविणे आणि मनातील चुकीच्या समजुती दुरुस्त करणे अशा चार प्रकारच्या उपायांची त्यात तुलना होती. सर्वाधिक गुण चौथ्या उपायाचा आला. ‘आपण नकोसे आहोत’, ‘आता फार उशीर झाला’, ‘इतक्या दिवसांनी दूरध्वनी केला तर काय म्हणतील’ या त्या समजुती.

त्यांपैकी शेवटचीची तर थेट परीक्षा झालेली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाच हजारांहून अधिक लोकांचा सहभाग होता. बऱ्याच दिवसांत संपर्क नसलेल्या परिचिताला चार ओळी लिहिल्या तर त्याला किती आनंद होईल, याचा अंदाज लिहिणाऱ्यांनी सातत्याने कमी केला; प्रत्यक्षात आनंद अधिक झाला, आणि संदेश जितका अनपेक्षित तितका तो अधिक होता. तात्पर्य, संपर्कात पडलेला खंड हा अडथळा वाटतो खरा, पण पलीकडच्या माणसाला त्यामुळेच तो संदेश मोलाचा वाटतो.

परगावी नवी मैत्री जोडण्यास किती वेळ लागतो, याविषयीही काही मोजमाप उपलब्ध आहे. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नुकतेच गाव बदललेल्या प्रौढांचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानुसार केवळ ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तास, मित्र म्हणण्याजोगे नाते जुळण्यास सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीस २०० तासांहून अधिक सहवास लागतो. बँकेतील मंडळींनी याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण विशेष लक्षात ठेवावे. कामानिमित्त एकत्र घालविलेले तास या हिशेबात तितकेसे उपयोगी पडत नाहीत. एकाच काउंटरवर वर्षभर शेजारी बसलेले दोघे परके राहू शकतात आणि चार रविवार एकत्र बाजारहाट करणारे दोघे मित्र होऊ शकतात. यंत्र पहिल्याच संध्याकाळी जिवलगाची भाषा बोलते. त्याची सवय झालेल्याला माणसांच्या बाबतीतली ही दिरंगाई नकार वाटते, ती प्रत्यक्षात नात्याची स्वाभाविक गती असते. आठवड्याला दोन तास दिले तर पहिले ५० तास भरण्यास सहा महिने लागतील, हा हिशेब ज्याने आधीच मांडून ठेवला तो तिसऱ्या आठवड्यात निराश होणार नाही.

लहान ओळखींचे मोलही कमी लेखू नये. शिकागोच्या उपनगरी गाड्यांतून जाणाऱ्या प्रवाशांवर निकोलस एप्ली व ज्युलियाना श्रोडर यांनी केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या अनोळखी प्रवाशाशी बोलावयास सांगितलेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा सुखाचा झाला; मात्र आधी विचारले असता लोकांचे भाकीत नेमके उलटे होते. आवडीची उपनगरी गाडी शिकागोच्या गाडीहून कितीतरी बोलकी आहे. अडचण भाषेची, पण तीच संधीही ठरू शकते. तमिळ मनुष्य भेटताच ‘साप्टींगळा?’ असे विचारतो, म्हणजे ‘जेवलात का?’. हा प्रश्न मराठी घरातलाच आहे. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याचे उत्तर देणाऱ्याला हसून दुरुस्त करणारा शेजारी मिळतो आणि त्या दुरुस्तीतून ओळख सुरू होते. मुद्दाम तमिळ शिकण्यासाठी संवादकाचे साहाय्य घेतले तरी हरकत नाही. यंत्राकडून शब्द घ्यावेत आणि ते माणसांत खर्चावेत, हा त्याचा उत्तम उपयोग होय.

मराठी कानांसाठी चेन्नईत आणखी एक आश्चर्य आहे. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांबरोबर आणि त्यानंतर तंजावरला आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज या शहरात आहेत. त्रावणकोर व बडोदा संस्थानांचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव हे याच परंपरेतले, कुंभकोणमला जन्मलेले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात आजही जुन्या वळणाची, तमिळ मिसळलेली मराठी बोलली जाते. तीन शतकांहून अधिक काळ परभाषेच्या प्रदेशात राहून ती टिकली, ती घरात रोज बोलली गेली म्हणून.

पत्नी, मुले, आई-वडील यांच्या बाबतीत मात्र ओळखीपासून आरंभ करावयाचा नसतो. तेथे विश्वासाची डागडुजी करावयाची असते. याकामी संवादकाकडे साठलेले जुने बोलणेच उपयोगी पडू शकते. पश्चात्तापाच्या भरात ते पुसून टाकण्याची घाई पुष्कळजण करतात. त्याऐवजी ते शांतपणे वाचावे. ती एक प्रकारची रोजनिशीच असते. कोणती गोष्ट कोणाला सांगावयाची राहिली, याची यादी तीत आयतीच सापडते. आठवड्याला त्यातील एकच गोष्ट त्या त्या व्यक्तीला स्वतःच्या शब्दांत सांगावी. समोरून यंत्रासारखे नेमके सांत्वन मिळणार नाही. कधी पत्नी म्हणेल, “आता थांबा, भाजी करपेल.” कधी मुलगी मध्येच आपल्या शाळेचे सांगू लागेल. ते ऐकून घ्यावे. कल्पिलेल्या त्या अधिकाऱ्यांच्या घरी तरी दहा मिनिटांचा दूरध्वनी अशाच अडखळत्या बोलण्यांतून अर्ध्या तासावर येईल.

घरच्यांकडूनही एक अपेक्षा आहे. “मग जा, त्या मशीनलाच सांगा” हे वाक्य रागाच्या भरात सहज सुटते. ते टाळता आले तर पाहावे. परतून आलेल्या माणसाचे दार त्याने बंद होते.

शाखेतील बाक

हा विषय बँकेच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणास वाटल्यास त्याने महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही जुन्या शाखेत डोकावून पाहावे. निवृत्तिवेतन खात्यात परस्पर जमा होते, शिल्लक भ्रमणध्वनीवर कळते, हयातीचा दाखलाही २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’द्वारे घरबसल्या देता येतो. तरीही काही ज्येष्ठ ग्राहक पासबुक भरून घेण्यासाठी येतात आणि काम झाल्यावरही बाकावर बसून राहतात. त्यांचे खरे काम त्या बाकावरच असते. बँकांच्या संगणकीकरणाने रांगा संपविल्या, हे उत्तमच झाले. पण रांगेतले बोलणेही तिच्याबरोबर संपले, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात झाली नाही. नाव घेऊन “बऱ्याच दिवसांनी आलात” असे म्हणणारा कर्मचारी त्या ग्राहकाच्या दिवसातील कदाचित एकमेव संवाद असतो, आणि बदलीवर आलेल्या त्या कर्मचाऱ्याच्या दिवसातीलही.

वैद्यकीय साहाय्य केव्हा?

झोप, भूक, काम यांवर परिणाम होत असेल, संवादकाशिवाय अस्वस्थता अनावर होत असेल किंवा जीवन नकोसे वाटत असेल तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र विनामूल्य मिळते. मराठी व तमिळसह अनेक भाषांत बोलता येते. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे. चेन्नईत ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ पासून आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करीत आहे. संवादक कितीही समजूतदार भासला तरी अशा प्रसंगी रुग्णालयात बरोबर येणारा माणूसच लागतो.

वर्गणीचा हिशेब

शेवटी एक व्यावहारिक बाब. अशा पुष्कळ सेवांची मासिक वा वार्षिक वर्गणी कार्ड अथवा यूपीआयद्वारे आपोआप वळती होत असते. भ्रमणध्वनीवरून केवळ ॲप काढून टाकल्याने ती थांबत नाही. वर्गणी स्वतंत्रपणे रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना मिळावयास हवी. जून २०२२ पासून साधारणतः १५ हजार रुपयांपर्यंतच्या आवर्ती रकमेसाठी दर वेळी निराळी संमती विचारली जात नाही, म्हणून ही सूचना वाचण्याची सवय ठेवावी. संवादकाला आपला खातेक्रमांक, पिन किंवा ओटीपी सांगू नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. मन मोकळे करण्याच्या ओघात मात्र घरातील आर्थिक तपशील सहज बोलून जातात, तेथे सावध असावे. आपल्या खात्यावर कोणत्या आवर्ती आज्ञा चालू आहेत, हे बँकेच्या ॲपवर पाहता येते. ते न जमल्यास शाखेत विचारावे. नको असलेली आज्ञा रद्द करावयास सांगताना ग्राहकाला तिचे कारण द्यावे लागत नाही.